मस्कतले उतरल्यावर विचारायचा सवाल

३ जुलै, गुरुवार

पासपोर्टातला माहा फोटो मेलेल्या बाईचा आहे. दात नोको दाखवू, डोळे नोको मिटू, पदर कानामागं घे, असं करता करता त्या फोटोवाल्यानं माह्या तोंडावरचं होतं नव्हतं ते सारं पुसून काढलं अन् मंग बटन दाबलं. उद्या तिकडच्या सायबानं फोटो पाहून 'ही कोण' म्हणून विचारलं, तर मीच आहे असं मले छातीठोक सांगता येणार नाही.

आता नमस्कार. ही डायरी माह्या पोराच्या, मुकुंदच्या, खताच्या दुकानात औषधाच्या कंपनीनं वाटलेली आहे. दर पानाच्या खाली बोंडअळी छापली आहे. तिकडे पाहायचं नाही, वर लिहायचं. मी चौथी शिकली. पाचवीच्या वर्गात बसवायच्या ऐवजी बोहल्यावर बसवलं, म्हणून अक्षर असं आहे. माहं नाव जयवंता.

भानगड अशी की नात केतकी मस्कतले दातांच्या दवाखान्यात कामाले आहे. आम्ही दाखवले ते सारे मुलगे तिनं नापसंत केले. आता फोनवर म्हणे, "आजी, एक मुलगा आहे. नाव-गाव सांगणार नाही. तू एकटी ये, आधी माणूस पाहा. तू हो म्हटलं तर लग्न. नाही म्हटलं तर विषय संपला, मी पुन्हा काढणार नाही."

तिले माहीत आहे, आमच्या घरात लग्नाचा शेवटचा शब्द माहा असते. मुकुंद दुकानात शेर आहे, घरी आला की माह्या तोंडाकडे पाहते. सून जयश्री म्हणे, पोरगी फोनवर रडून राहिली होती. मले तर नेटवर्कची खरखर वाटली.

मी तिले एकच अट सांगितली. काळा चालेल, टकला चालेल, नदीपलीकडचा चालणार नाही. फोन कटला. नेटवर्कच.

नदीपलीकडचा म्हणजे सावरगावचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्याले झेंडा बांधतात, अन् इकडून आम्ही पांढुर्ण्यावाले, तिकडून ते, दिवसभर एकमेकाले गोटे मारतात. झेंडा आम्ही काढायचा, त्यायनं राखायचा. गोटमार म्हणतात याले. केतकीचे आजोबा ऐन जवानीत झेंड्याजवळ पोचले होते. तिकडून गोटा आला अन् समोरचे दोन दात नदीत गेले. मंग मरेपर्यंत 'स' म्हणाले की शिटी वाजे. सौंसरचं तिकीट मागितलं की कंडक्टर गाडी सोडे. अशा माणसाच्या घरात मी सावरगावचा जावई आणू?

६ जुलै, रविवार

मुकुंदच्या डोक्यात आलं की मस्कतले उतरायची प्रॅक्टिस करायची. पांढुर्ण्याच्या स्टँडवर सारे ओळखतात, म्हणून सौंसरच्या बस स्टँडवर गेलो. सौंसर जयश्रीचं माहेर, जेवणाचीही सोय झाली.

बस म्हणजे विमान. मी उतरायचं. मुकुंद उसाच्या रसाच्या गाडीजवळ सायब बनून उभा. नातू शुभम कठड्याशी माह्या नावाची पाटी घेऊन उभा. अन् मंगेश, जो आपल्या दुकानाचा माल ऑटोत नेते, तो लुच्चा टॅक्सीवाला. मंगेश रुसला होता. म्हणे, "मीच काऊन लुच्चा? शुभमले करा ना." मुकुंद म्हणे, "शुभमजवळ ऑटो नाही."

मी उतरली. मुकुंदनं इंग्रजीत विचारलं, कशासाठी आल्या. मी म्हटलं, रस प्यायले. तो कपाळाले हात लावून उभा राहिला. तेवढ्यात बसचा कंडक्टर जयश्रीले विचारून राहिला, "बाईले कुठी जायचं आहे?" जयश्री म्हणे, "मस्कतले." तो म्हणे, "ही छिंदवाड्याची आहे."

मंग मंगेश आला. दुपट्ट्यानं सीट पुसली अन् म्हणे, "चला माय, आरामात सोडून देतो. तुमच्या पायाकडे पाहवत नाही." आजपर्यंत हा माणूस माह्याशी इतका गोड कधी बोलला नव्हता. शुभम तिकडून पाटी हालवून 'आजी, इकडं ये, लवकर ये' म्हणून वसकन ओरडून राहिला होता. मी ऑटोत बसली.

आता मी बसली तर लुच्च्यानं पुढं काय करायचं, हे मंगेशले कोणी सांगितलंच नव्हतं. मुकुंदले वाटलं मी नाही म्हणीन. म्हणून मंगेश नेतच राहिला. मोहगाव आलं तसा त्यानं ऑटो थांबवला अन् मागं पाहून म्हणे, "माय, आता काय करू?"

मी म्हटलं, "मले काय विचारते. लुच्चा तू आहे."

मंग आम्ही मोहगावले आलूबोंडे खाल्ले. मागून मुकुंद मोटरसायकलीवर आला, तोंड मिरचीसारखं. म्हणे, "आई, तिकडे असं केलं तर तुले कुठी शोधायचं?" मी नापास झाली. पण मंगेशही नापास झाला, हे कोणी लक्षात घेत नाही.

९ जुलै, बुधवार

केतकीनं फोनवर शुभमले कायदे सांगितले अन् त्यानं मले. बॅग कोणाच्या हातात द्यायची नाही. आपणहून जवळ येऊन 'टॅक्सी, टॅक्सी' म्हणते त्याच्यासंगं जायचं नाही. दवाखान्यातून तिले निघता येणार नाही, म्हणून ती ड्रायव्हर पाठवेल. ड्रायव्हर मराठी बोलणारा आहे. ओळख पटवायले त्याले एक सवाल विचारायचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत काय असते. तो गोटमार म्हणेल. मंग बसायचं.

शुभमनं आपल्याकडून एक जोडलं. आजकाल म्हणे कंप्युटर कोणाचाही आवाज काढते. चोर फोन लावून देतात अन् आतून आपल्याच पोराचा आवाज येते. म्हणून परक्याच्या फोनवर कोणाचाही आवाज आला तरी भरोसा ठेवायचा नाही. त्यानं मले ऐकवलंही. मोबाइलमधून मुकुंद बोलला की आज दुकान बंद आहे, सारा माल फुकट घेऊन जा. मुकुंद तर माह्या समोर भाकर मोडून राहिला होता.

पण तो सवाल मले पटला नाही. गोटमार तर पेपरातही येते, टीव्हीवरही येते. कोणताही चोर पाहून ठेवेल. म्हणून मी मनातल्या मनात एक पक्का सवाल काढला. कोणाले सांगितला नाही. सांगितला की फुटते.

झेंडा कोणाचा?

पांढुर्ण्याचं लेकरूही झोपेतून उठून सांगेल, पांढुर्ण्याचा. केतकी आपला माणूस पाठवेल तर तो हेच म्हणेल.

१३ जुलै, रविवार

खरं लिहायचं तर हरवायचं भेव आहे. नागपूरपलीकडे मी एकटी कधी गेली नाही, अन् नागपूरलेही मेयो दवाखान्यात भरती होती तेव्हा, म्हणजे काही पाहिलं नाही. मस्कतले हरवली तर मले कोणत्या नावानं शोधतील. फोटो तर तो असा.

मरायचं भेव नाही. पण केतकीनं विषय माह्या पदरात टाकला आहे. मी न पोचता मेली तर मुकुंद म्हणेल, आईनं हो म्हटलं नव्हतं. अन् ती पोरगी जन्मभर बोलणार नाही. बापासारखीच आहे, रुसली की भिंत.

जयश्रीनं बॅगेत कुरडया, तिखट अन् ठेचा भरला. मी म्हटलं, चार जोडी लुगडे काढ, एक चांगलं ठेव, मुलगा पाहायचा आहे.

१४ जुलै, सोमवार. मस्कत

पोचली. केतकीच्या सैपाकघरात बसून लिहून राहिली. जे झालं ते आज लिहिलं नाही तर उद्या सारे मिळून बदलवतील.

मुकुंदनं नागपुरातच मले चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. धडधाकट बाईले. पण त्याचा फायदा असा की मुंबईले अन् मस्कतले कोणीतरी ढकलत नेते, आपल्याले वाचावं लागत नाही. इथल्या सायबानं फोटो पाहिला, मले पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मी डोळे ताणून, तोंड मिटून, मेल्यासारखी बसली. तसा त्यानं शिक्का मारला.

खुर्चीवाल्यानं मले बॅगेसकट कठड्यापर्यंत आणलं अन् खुर्ची घेऊन गेला. कठड्यापलीकडे माणसंच माणसं, सारे पाट्या घेऊन. त्यात एक पाटी आपल्या अक्षरात, 'जयवंताबाई, पांढुर्णा'. अक्षर मोत्यासारखं. धरणारा पोरगा उंच, इस्त्रीचं शर्ट, घामानं निथळून राहिला होता, आत गार हवा असून.

"आजी, नमस्कार. मी मयूर. केतकीनं पाठवलं."

मी बॅग पोटाशी धरली अन् दूरच उभी राहिली. म्हटलं, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी..."

"गोटमार," तो म्हणे. सवाल पुरा व्हायच्या आधी. मले तेव्हाच खटकलं. पाठ करून आलेला माणूस असाच बोलते.

मंग मी पक्का सवाल काढला. "झेंडा कोणाचा?"

तो थांबला. जोड्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. अन् म्हणे, "सावरगावचा."

"तू कुठला?"

"सावरगावचा, आजी."

माह्या डोक्यात सारं लख्ख झालं. माही अट केतकीले माहीत आहे. ती सावरगावचा माणूस मले घ्यायले पाठवेलच कशी? म्हणजे हा चोर आहे. केतकीच्या ड्रायव्हरले कुठंतरी बांधून ठेवला अन् त्याची पाटी घेऊन आला.

मी म्हटलं, "खरा ड्रायव्हर कुठी आहे?"

"मीच आहे, आजी. थांबा, केतकीले फोन लावतो."

लावला. आतून हुबेहूब केतकी. "आजी, अगं मीच बोलून राहिली. जा त्याच्यासंगं."

मी म्हटलं, "हुबेहूब काढला."

"आजी, मी खरी आहे गं."

"मशीन असंच म्हणेल."

"आजी, तुले काय विचारायचं ते विचार. आजोबाचे दात कोणते गेले होते ते विचार."

"त्याले बरं माहीत असेल," मी म्हटलं, "सावरगावचाच आहे, त्यायनंच पाडले."

आतून मशीन रडायले लागली. इतकं पुढं गेलं आहे सारं. मी पोराले त्याचा फोन वापस दिला अन् सांगितलं की दुसरी म्हातारी पाहा.

तेवढ्यात काळ्या चष्म्याचा एक माणूस जवळ आला. हिंदीत म्हणे, "माँजी, टॅक्सी? बेटा परेशान कर रहा है क्या?" आवाज साखरेच्या पाकासारखा. मले कायदे याद होते. आपणहून येते त्याच्यासंगं जायचं नाही. पण कायद्यात सावरगाववाल्याचा विचार केला नव्हता. मी त्याले परखायचं ठरवलं.

"झेंडा किसका?"

"जी?"

"झेंडा. किसका?"

त्यानं माह्या नावाच्या पाटीकडे पाहिलं, मंग माह्याकडे. "आपका, माँजी."

"पांढुर्ने का?"

"बिलकुल पांढुर्ने का. हमेशा से."

परदेशात, परक्या माणसानं, न अडखळता. मी त्याच्या गाडीत जाऊन बसली. बॅग मांडीवर. गाडीवर टॅक्सीची खूण नव्हती. मले वाटलं तिकडे आत असेल.

गाडी निघाली. मी पत्ता दाखवला. तो म्हणे, ते घर आता बंद आहे, मी तुम्हाले छान हॉटेलात नेतो. मी म्हटलं, घर कसं बंद असेल, नात राहते. तो म्हणे, हो हो, नात राहते, पण बंद आहे. मले जराक विचित्र वाटलं. मंग गोष्टीत गोष्ट म्हणून विचारलं, "सावरगाव का झेंडा भी होता है कभी?"

"होता है, माँजी. क्यों नहीं."

"और मोहगाव का?"

"मोहगाव का तो पक्का."

मोहगाव त्यात नाहीच. मोहगावचा जाम नदीशी काय संबंध? मंग मी म्हटलं, "नागपूर का?" तो म्हणे, "नागपूर सबसे आगे."

तेव्हा मले समजलं. हा माणूस मी म्हणेन त्या गावाचा झेंडा लावून राहिला होता. आरशात पाहिलं तर तो माह्या बॅगेकडे पाहून राहिला. अन् त्याच्याही मागं आरशात एक पांढरी छोटी गाडी, तिच्यात तो सावरगावचा पोरगा, स्टेरिंगवर वाकलेला, पाटी काचेशी उभी.

दोन चोर. एक समोर, एक मागं. मी विचार केला की समोरच्याले मागच्याचं भेव दाखवायचं.

"भैया," मी म्हटलं, "पीछे देखो. वो सावरगाव का है."

"कौन है?"

"ये लोग पत्थर मारते हैं."

"अकेला है, माँजी."

"अकेला कभी नहीं रहता. पूरा गाँव आता है. सुबह से शाम तक मारते हैं. मेरे आदमी के दाँत उन्होंने ही तोड़े."

त्यानं आरसा नीट केला. "पुलिस?"

"पुलिस का बंदोबस्त रहता है. एम्बुलेंस भी रहती है. फिर भी मारते हैं."

"किस बात के लिए?"

"झेंडे के लिए."

"झेंडा मिला तो क्या मिलता है?"

"झेंडा मिलता है."

हे त्याच्या डोक्यात बसेना. पैशासाठी मारणारा माणूस त्याले समजला असता. तो चष्मा काढून घाम पुसायले लागला. मी आणखी सांगितलं की गोटा डोक्याले लागला तर हळद भरून पुन्हा येतात. अन् आता त्यानं स्वतःच्या तोंडानं झेंडा पांढुर्ने का म्हटलं आहे, तेही सावरगाववाल्यासमोर. आता तो आमच्यातला झाला.

"मैंने तो ऐसे ही बोला था, माँजी."

"वो नहीं मानते."

पुढच्या चौकातून त्यानं गाडी अशी फिरवली की माही बॅग माह्यावर पडली. मले विमानतळाच्या त्याच कठड्यापाशी उतरवलं, बॅग हातात दिली, अन् भाडं न मागता निघून गेला. माह्या उभ्या जन्मात भाडं न मागणारा टॅक्सीवाला पहिल्यांदा पाहिला.

मंग ती पांढरी गाडी आली. पोरगा उतरला, धापा टाकत कठड्यापलीकडे गेला, अन् पुन्हा पाटी धरून उभा राहिला. जशी काही मी आताच उतरली.

मी म्हटलं, "झेंडा कोणाचा?"

"सावरगावचाच, आजी. कितीदा विचाराल?"

"पांढुर्ण्याचा म्हटलं असतं तर मघाच घरी असतो."

"माहीत आहे. केतकीही फोनवर तेच ओरडून राहिली होती. पण त्या झेंड्यापायी माह्या आबाच्या खांद्याचं हाड गेलं. तुमच्याकडच्या गोट्यानं."

मी जराक वेळ त्याच्याकडे पाहिलं. खोटं बोलून मले गाडीत बसवणं किती सोपं होतं, हे मी आताच पाहून आली होती. मी मागच्या सीटवर बसली. बॅग दिली नाही.

केतकी दवाखाना सोडून दारात उभी होती. डोळे सुजलेले. म्हणजे मशीन नव्हती. आता शुभमचे कान उपटायचे आहेत.

१६ जुलै, बुधवार

इथं सारं थंड करून ठेवतात, घर, पाणी, दुकान, माणसं. केतकी कामावर जाते, मी दार लावून बसते. बाहेर उन्हात कुत्रंही दिसत नाही.

ड्रायव्हर लोक इथं फार काम करतात असं दिसते. मयूर सकाळी दही देऊन गेला, संध्याकाळी माह्या गुडघ्याचं औषध घेऊन आला. चप्पल दाराबाहेर काढते, आजी म्हणते. तो आला की केतकी उगाच ओढणी सारखी करते अन् पाणी आणायले दोनदा उठते. मी तिले म्हटलं, ड्रायव्हरले इतका मान देऊ नोको, डोक्यावर बसतात. ती खोकलत सैपाकघरात गेली. एसीनं घसा धरला असेल.

मी विचारलं, "तुहा तो मुलगा कधी दाखवते?"

"शुक्रवारी, आजी. जेवायले."

"गाव तरी सांग."

"आधी माणूस पाहा म्हटलं ना."

रात्री जेवताना माही खालची कवळी घसरली. मयूर दाराशी उभा होता, त्याचं लगेच लक्ष गेलं. म्हणे, "आजी, ढिली झाली आहे. द्या, शुक्रवारपर्यंत नीट बसवून आणतो." मी म्हटलं, तू ड्रायव्हर की दातवाला? केतकी घाईनं म्हणे, दवाखान्यात देईल तो, दे आजी.

दिली. देताना केतकीचे आजोबा डोळ्यासमोर आले. त्यायचे दोनच नेले होते सावरगाववाल्यायनं. माही तर अख्खी खालची नेली.

१८ जुलै, शुक्रवार

मुलगा येणार म्हणून केतकीनं पहाटेपासून पाटवड्यांचा रस्सा मांडला. मी चांगलं लुगडं नेसली. पण कवळीचा पत्ता नाही. बोळक्या तोंडानं मी मुलाले काय विचारणार, अन् तो माह्याकडे पाहून काय समजणार. त्या ड्रायव्हरवर मी इतकी चिडली होती की दाराची घंटी वाजताच मीच उठली.

तोच होता. नवं शर्ट, केस पाण्यानं बसवलेले. हातात डबी.

"किती उशीर," मी म्हटलं. "मुलगा यायची वेळ झाली. आण इकडं."

कवळी घातली. काय सांगू. अशी बसली जशी माह्याच हाडातून उगवली. मी फुटाणा चावून पाहिला, फुटला. मी खूश होऊन म्हटलं, "चांगलं काम केलं. आता तू सैपाकघरात बस. पाहुणे येतील, इथं मंधात दिसू नोको."

तो मुकाट्यानं सैपाकघरात गेला. केतकी भिंतीले टेकून उभी होती, तोंडावर ओढणी. रडून राहिली की हसून, समजेना.

आम्ही वाट पाहिली. रस्सा थंड झाला. मुलगा काही येईना. मी म्हटलं, "पहिल्याच जेवणाले हा उशीर. माहा आताच नकार लिहून घे." केतकी पांढरी पडली. म्हणे, "आजी, आधी जेवून घेऊ."

मंग तिघं जेवायले बसलो. ड्रायव्हरले काय उपाशी ठेवायचं. रश्शात मीठ कमी होतं. मी तसं म्हटलं. मयूर उठला, न पाहता वरच्या कप्प्यात हात घातला, तांदळाच्या डब्यामागून मिठाची बरणी काढली अन् माह्यापुढं ठेवली.

मी आल्यापासून त्या घरात मीठ शोधून राहिली होती. मले सापडलं नव्हतं.

मी बरणीकडे पाहिलं. त्याच्या शर्टाकडे पाहिलं. केतकीकडे पाहिलं. ती ताटातल्या वडीचे तुकडे करून राहिली होती, आधीच भुगा झाला होता.

"तू ड्रायव्हर नाही," मी म्हटलं.

"नाही, आजी. दवाखान्यात दात बनवतो."

"अन् मुलगा यायचा नाही."

"आला आहे," केतकी म्हणे. "तू सैपाकघरात बसवला."

मी घास खाली ठेवला. ती म्हणे, "मी खरं सांगितलं असतं तर तू विमानात बसली असती?"

"नसती."

"मंग."

मी तिले पाणी आणायले पाठवलं. पाण्याचा जग समोरच होता, तरी ती गेली. मंग मी त्या पोराले विचारलं, "तुले तर माहीत होतं मी कोण आहे अन् कशासाठी आली. एक शब्द इकडचा तिकडं केला असता तर काय बिघडलं असतं?"

त्यानं मिठाच्या बरणीचं झाकण लावलं. मंग म्हणे, "एकदा खोटं बोललो असतो, आजी. पण पोळा दरवर्षी येते."

मी रस्सा खाल्ला. मीठ घातल्यावर चांगला लागला. पाटवडीही चावता आली.

केतकी दारात जग धरून उभी होती. म्हणे, "आजी, हो की नाही?"

मी म्हटलं, "मले झोप येऊन राहिली."

१९ जुलै, शनिवार

झोप आली नाही. केतकीच्या आजोबांशी बरंच भांडण झालं. ते म्हणत होते, सावरगाव. आता वरती दात आले असतील, शिटी वाजली नाही. मी म्हटलं, दात त्यायनं पाडले, दात त्यायनंच बसवले, तुमचं काय म्हणणं आहे. मंग ते चूप बसले. जिवंत असतानाही असेच चूप बसत.

सकाळी मुकुंदले फोन केला. सांगितलं, मुलगा पाहिला, माणूस पसंत आहे, गाव नाही. तो म्हणे, "कोणतं गाव?" सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. मंग म्हणे, "आई, तू खरंच बोलून राहिली की मशीन आहे?" मागून जयश्री हसून राहिली होती. तिले आधीपासून माहीत होतं, हे आता माह्या ध्यानात आलं. शुभमलेही. ड्रायव्हरची गोष्ट फक्त मले अन् मुकुंदलेच खरी वाटली. मंगेशचं सांगता येत नाही.

केतकीले अजून हो म्हटलं नाही. ती ऐकायले टेबलाच्या त्या टोकाले बसली आहे, म्हणून इथं लिहून ठेवते अन् डायरी तिच्याकडे सरकवते. मागाहून कोणी फिरवाफिरव करायची नाही.

पोळ्याले दोघं पांढुर्ण्याले येतील. मुकुंदनं दारातच, पायावर पाणी घालायच्या आधी, मुलाले सवाल विचारायचा. झेंडा कोणाचा? जयश्रीनं चहाचं काढून विषय बदलायचा नाही. शुभमनं मागून खुणा करायच्या नाहीत. केतकी, तू मंधात एक शब्द बोलायचा नाही. उत्तर मयूरनंच द्यायचं, आपल्या तोंडानं, सारी गल्ली ऐकेल असं. अन् भिऊन पांढुर्ण्याचा म्हणाला, तर लग्न मोडलं समजा.